दांडिया बाजारातला संध्याकाळचा व्याकरणवर्ग

शाळेत मार्कांसाठी संस्कृत घेतलं आणि दहावीनंतर सोडलं, अशा मोठ्या माणसांसाठी हा वर्ग आहे. मी बडोद्यात छापखान्यात लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे मजकूर जुळवते. चार ओळींत सगळं बसवायचं, हे रोजचंच. म्हणून ‘लाघव’ म्हणजे हलकेपणा, थोडक्यात सांगणं, या शब्दावरच्या तासाला मी मुद्दाम लवकर जाऊन बसले.

सरांनी फळ्यावर आधी जोड्या लिहिल्या: गुरु–गौरव, मृदु–मार्दव, ऋजु–आर्जव, लघु–लाघव. लघु शब्द परंपरेने ‘लंघ्’ धातूपासून साधतात, म्हणजे उपासाचं लंघन त्याचंच भावंड. आपला ‘हलका’सुद्धा लघुकावरूनच, प्राकृतात ल आणि ह यांनी जागा बदलल्या. गोड वागून माणसं जिंकणारा तो लाघवी, हाताची सफाई ते हस्तलाघव. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात व्यायामाचे फायदे सांगताना पहिला शब्द लाघवच आहे. अंगातलं हे हलकेपण वैयाकरणांनी वाक्यात आणलं.

मग सर पाणिनीकडे वळले, आणि इथे वर्गाचे पैसे वसूल होतात. ‘इको यणचि’ एवढंच सूत्र, क्रियापदसुद्धा नाही. पुढे वेगळ्या जातीचा स्वर आला की इ, उ, ऋ, लृ (सूत्रातला ‘इक्’) यांच्या जागी अनुक्रमे य्, व्, र्, ल् येतात. प्रति आणि एक मिळून प्रत्येक, सु आणि आगत मिळून स्वागत. स्वागत समारंभ मी किती पत्रिकांवर छापला असेल, पण त्यातला ‘व’ कुठून आला ते त्या दिवशी कळलं! अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माएवढा आनंद होतो, हे वचन मग खरंच पटतं.

सर एक गोष्ट मात्र ठासून सांगतात: 14 माहेश्वर सूत्रं, म्हणजे पाणिनीने वापरलेली वर्णांची क्रमवार यादी, पाठ नसतील तर ‘इक्’ला काहीच अर्थ नाही. आधी सगळं नीट लावून ठेवलेलं असतं, म्हणून पुढे थोडक्यात भागतं. त्रोटक लिहिणाऱ्यांनी हे ऐकायलाच हवं.

उणिवा आहेत. टिपणं फक्त गुजरातीत मिळतात, मागच्या रांगेतून फळ्यावरचे जोडाक्षरांचे पाय दिसत नाहीत, आणि गल्लीत स्कूटर लावायला जागा नसते. मराठी टिपणं निघायलाच हवीत. आपली इतकी घरं आसपास आहेत.

जाणार असाल तर पुढची रांग धरा आणि पाणिनीच्या सूत्रपाठाची छोटी प्रत जवळ ठेवा. सर प्रत्येक सूत्राचा क्रमांक सांगतात, लगेच काढून बघता येतं.