हार्ट चेकअप पॅकेज: कॅन्सरमधून बरे झालेल्यांनी काय घ्यावं, काय सोडावं

खासगी रुग्णालयांत आणि मोठ्या लॅबमध्ये ‘हार्ट चेकअप’ म्हणून जे पॅकेज मिळतं, त्यातला मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो. लिपिड प्रोफाइल, साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे, २डी एको, ट्रेडमिल टेस्ट आणि शेवटी डॉक्टरांशी थोडं बोलणं. पोट सुटलेल्या, घराण्यात हृदयविकार असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला ते चालून जातं. पण स्तनाच्या कॅन्सरसाठी अॅड्रियामायसिन घेतलेली बाई, लहानपणी ल्युकेमियातून बरा झालेला आणि आता पंचविशीत असलेला मुलगा, किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेवर रेडिएशन घेतलेला माणूस यांच्यासाठी त्याला आमच्याकडून पाचपैकी दोनच गुण.

कारण सरळ आहे. हे पॅकेज कोलेस्टेरॉल, साखर आणि त्यातून होणारे ब्लॉकेज शोधायला रचलेलं आहे. कॅन्सरच्या उपचारांनी हृदयाला होणारी इजा वेगळ्या वाटेने येते. अॅड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, आणि त्याच्या जातीची एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही औषधं हृदयाच्या स्नायूच्या पेशीच मारतात. त्या पेशी पुन्हा जवळजवळ तयार होत नाहीत. उरलेल्या पेशी वर्षानुवर्षं जादा काम ओढतात आणि कधी पाच, कधी पंधरा वर्षांनी पंपिंग कमी झालेलं दिसतं. स्तनाच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत दिल्या जाणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅबने येणारी घट बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर भरून येते. छातीवरच्या रेडिएशनचा हिशोब तिसराच: रक्तवाहिन्या, झडपा, हृदयाभोवतीचं आवरण, विजेच्या वाटा, सगळ्यांनाच त्याची झळ बसू शकते आणि परिणाम दहा-वीस वर्षांनी वर येतात.

म्हणून पॅकेज बुक करायच्या आधीचं काम घरातल्या फाइलमध्ये आहे. डिस्चार्ज कार्ड आणि केमोचा चार्ट काढा. एकूण किती अॅड्रियामायसिन गेलं, ते शरीराच्या क्षेत्रफळाच्या मापात काढायचं असतं. उदाहरण घेऊ. एका बाईचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर आहे. एसी पद्धतीत (अॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची जोडी) दर सायकलला चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे तिला ९० मिलिग्रॅम गेलं. चार सायकलचे ३६० मिलिग्रॅम. त्याला १.५ ने भागलं की २४० येतात. लिम्फोमासाठी आर-चॉपच्या (यातही अॅड्रियामायसिन असतं) सहा सायकल घेतलेल्या माणसाचा आकडा ५० गुणिले ६, म्हणजे ३०० होतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० ते २४९ मध्यम धोका, २५० पासून जास्त आणि ४०० पासून अतिजास्त. डावीकडच्या छातीवर रेडिएशनही झालं असेल तर नुसत्या २४० वर समाधान मानू नका. हृदयाला सरासरी किती ग्रे (रेडिएशनचं माप) डोस गेला, हे रेडिएशन विभागाच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. मागितलं तर मिळतं. पॅकेजच्या फॉर्मवर ‘मधुमेह आहे का, धूम्रपान करता का’ असे रकाने असतात. हा आकडा विचारणारा रकाना बहुधा नसतो, आणि आमचे बरेचसे गुण तिथेच कापले गेले.

आता एको. पॅकेजमधली सर्वांत उपयोगी तपासणी हीच, आणि सर्वांत घाईत उरकली जाणारीही हीच. चेकअपच्या सकाळी एको रूमबाहेर रांग असते. हाती येणारा रिपोर्ट बहुतेकांनी पाहिलेला असतो: ‘नो आरडब्ल्यूएमए, एलव्हीईएफ ६०%, ट्रिव्हियल एमआर, नो क्लॉट’ (भिंतींची हालचाल ठीक, पंपिंग ६०%, झडपेची गळती नगण्य, गुठळी नाही). ते ६० म्हणजे ईएफ, डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो तो आकडा, आणि तो पुष्कळदा नजरेच्या अंदाजाने लिहिलेला असतो. ब्लॉकेजवाल्या पेशंटसाठी तेवढं पुरतं. तुमच्यासाठी पुरत नाही, कारण तुमचा प्रश्न ‘आज किती’ एवढाच नसून ‘आधीपेक्षा किती उतरलं’ हा आहे. केमोआधी ६५ असलेलं ईएफ आज ५५ झालं, तर पॅकेजचा रिपोर्ट ते नॉर्मल म्हणूनच छापतो, आणि दहा अंकांची उतरण कोणाच्या नजरेस पडत नाही.

उतरण मोजायची तर मोजमाप काटेकोर हवं. ‘बायप्लेन सिम्पसन’ पद्धतीने ईएफ काढून द्या, असं नोंदणी करतानाच सांगा. यात दोन बाजूंच्या दृश्यांत डाव्या कप्प्याची आतली कड आखतात, एकदा कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि एकदा पूर्ण आकसलेला असताना. असं करूनही २डी एकोत दोन वेळच्या आकड्यांत दहा अंकांपर्यंत फरक निव्वळ मोजण्यामुळे पडू शकतो. ३डी एकोत तो निम्म्यावर येतो. त्यामुळे एकाच रिपोर्टवर घाबरूनही जाऊ नका आणि निर्धास्तही होऊ नका. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, तोच डॉक्टर.

दुसरी मागणी जीएलएसची, म्हणजे स्ट्रेन. हृदयाचा स्नायू लांबीच्या दिशेने किती टक्के आकसतो ते यात कळतं. निरोगी माणसात आकडा साधारण उणे १८ ते उणे २२ च्या आसपास असतो. ईएफ पडायच्या आधी हा आकडा हलतो, म्हणून कॅन्सरच्या पेशंटमध्ये याचं मोल मोठं. उणे २० वरून उणे १६ वर आला तर ती २० टक्के घट झाली, आणि मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट दखल घेण्याजोगी मानतात. वेळ थोडाच जादा लागतो, पण मशीनमध्ये ते सॉफ्टवेअर हवं, ईसीजीच्या वायरी नीट लावलेल्या हव्यात आणि पेशंटने सांगितल्यावर श्वास रोखायला हवा. एका कंपनीच्या मशीनवरचा जीएलएस दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या जीएलएसशी ताडून पाहू नये. सॉफ्टवेअर बदललं की आकडा हलतो. एको करतानाचं बीपीही रिपोर्टवर लिहून घ्या, कारण बीपी चढलेलं असेल तर स्ट्रेन खोटाच उतरलेला दिसतो.

डावा स्तन काढलेला असेल, तिथे इम्प्लांट असेल किंवा रेडिएशनने कातडी ताठरलेली असेल, तर चित्र धूसर येतं. अशा वेळी ‘पुअर विंडो’ लिहिलेल्या रिपोर्टवरचा ईएफ प्रमाण धरू नका. कॉन्ट्रास्ट एको किंवा कार्डिअॅक एमआरआय हा त्यावरचा मार्ग.

ट्रेडमिल टेस्टबद्दल आमचं मत बरंच प्रतिकूल आहे. पॅक्लिटॅक्सेल किंवा विनक्रिस्टिन या केमोच्या औषधांनी तळपाय बधिर झालेल्या माणसाला चढत्या पट्ट्यावर पळवणं धोक्याचं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या लेट्रोझोल गोळीने हाडं ठिसूळ झाली असतील तर पडण्याची किंमत आणखी मोठी. शिवाय ही टेस्ट रक्तप्रवाह अडवण्याइतकं मोठं ब्लॉकेजच पकडते, आणि बायकांमध्ये खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही बरंच. छातीवर रेडिएशन झालेल्यांत रक्तवाहिन्यांच्या अगदी मुखाशी अरुंदपणा येतो. तिथे ट्रेडमिल ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. हृदयाला १५ ग्रेपेक्षा जास्त सरासरी डोस गेलेल्यांनी रेडिएशनला पाच वर्षं झाल्यावर सीटी कोरोनरी अँजिओबद्दल कार्डिओलॉजिस्टशी बोलावं. हॉजकिन लिम्फोमासाठी पूर्वी छातीभर रेडिएशन घेतलेले लोक यात सर्वांत पुढे. एकोत त्यांच्या महाधमनीच्या झडपेकडे मुद्दाम बघायला सांगा.

तोंड, जीभ, घसा यांच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे इतके असूनही, मानेवरच्या रेडिएशनने मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या अरुंद होतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, ही गोष्ट हार्ट पॅकेज विकणाऱ्यांच्या गावीही नसते. कॅरोटिड डॉपलर वेगळा करून घ्यावा लागतो. त्याच रेडिएशनने थायरॉइड मंदावतो, कोलेस्टेरॉल त्यामागून चढतं आणि मग स्टॅटिन सुरू होतं. मूळ कारण टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) न बघितल्याने हाती लागत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत लिपिड, साखर, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन ठेवा. एनटी-प्रोबीएनपी जोडून घ्या. हृदयावर ताण येतोय का, हे सांगणारी ही रक्ततपासणी मूळ पॅकेजमध्ये सहसा नसतेच. उलट हार्ट अटॅकच्या संशयात करायची सीके-एमबी असते, जिचा छातीत काहीही दुखत नसलेल्या माणसाला उपयोग नाही. ‘८० तपासण्या’ अशी जाहिरात असेल तर त्यातले वीसेक आकडे एकट्या सीबीसीचे असतात, हे लक्षात घ्या. काही पॅकेजमध्ये सीए-१२५, सीईए असे ट्यूमर मार्करही घातलेले असतात. ऑन्कॉलॉजिस्टने सांगितल्याशिवाय ते करू नका. किंचित वाढलेल्या आकड्याने घरादाराची झोप उडते आणि हाती काही लागत नाही.

बीपी मोजताना एक गोष्ट आपणहून सांगावी लागते: काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला पट्टा बांधू नका, दुसरा हात वापरा. रक्तही त्याच दुसऱ्या हातातून काढायचं. नर्सकडे फाइल नसते, त्यामुळे हे कोणी विचारेल याची वाट पाहू नका. बीपी हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हातातला धागा आहे. अॅड्रियामायसिन घेतलेल्या हृदयावर वाढलेल्या बीपीचा बोजा पडला की हार्ट फेल्युअर लवकर येतं.

मग घ्यायचं काय? आमच्या मते पॅकेज न घेता सुट्या तपासण्या घ्याव्यात: सिम्पसन आणि जीएलएससह एको, ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी, वर सांगितलेलं रक्त, आणि उपचारांची फाइल वाचणाऱ्या कार्डिओलॉजिस्टची स्वतंत्र वेळ. दरवर्षी बीपी, रक्त आणि ईसीजी. जास्त धोक्याच्या गटात उपचार संपल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी एको, पुढे दर पाच वर्षांनी. मध्यम गटात दर पाच वर्षांनी. धाप लागणं, रात्री उशा वाढवाव्या लागणं, घोट्यावर सूज, छातीत धडधड यांतलं काहीही असेल तर हे वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच आठवड्यात जा. ‘केमोचा अशक्तपणा’ म्हणून महिनोन्महिने काढू नका. पंपिंग उतरल्याचं लवकर कळून औषधं सुरू झाली तर ते बरंचसं परत येतं, आणि सहा महिने उलटल्यावर ती शक्यता फार घटते.

लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून ‘अॅक्ट’ क्लिनिक चालू आहे. उपचार संपलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणं हेच त्याचं काम, आणि कोणतंही चकचकीत पॅकेज त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तिथे उपचार झाले असतील तर मोठं झाल्यावर, नोकरी लागल्यावर जाणं सोडू नका.

यातल्या मुलींसाठी आणखी एक तपासणी आहे, तीही कोणत्याच पॅकेजमध्ये नाही. गरोदरपणात हृदयाला दीडपट रक्त फिरवावं लागतं, आणि अॅड्रियामायसिनने दुबळं झालेलं हृदय तेव्हा पहिल्यांदा तक्रार करू शकतं. दिवस राहायच्या आधी एको करावा. ते राहून गेलं असेल तर पहिल्या तीन महिन्यांत, आणि जास्त धोका असेल तर विसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. लग्न जमवताना लपवलेला आजार सासरी कळू नये म्हणून कित्येक जणी तो स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगत नाहीत. डॉक्टरांशी एकट्याने बोलायची वेळ मागा, जुना चार्ट त्यांच्या हातात द्या आणि घरच्यांना सांगायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांचं बंधनच आहे.