जुनी कंबरदुखी: गोळ्या, व्यायाम की ऑस्टिओपॅथी?

तीन महिने उलटूनही कंबर सुटत नसेल, तर समोर साधारण तीन वाटा असतात: गोळ्या, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम, आणि ऑस्टिओपॅथी, म्हणजे स्नायू-सांध्यांवर हातांनी केलेले उपचार. यातलं काय निवडावं हे ठरवायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात: गुण किती येतो आणि त्रास काय होतो. माझं मत आधीच सांगते. व्यायामाला पर्याय म्हणून ऑस्टिओपॅथी घेऊ नका. व्यायामाला जोड म्हणून, ठरावीक बैठकांपुरती, जरूर घेऊन बघा.

ही पद्धत अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरने 1874 साली मांडली. आज अमेरिकेत ही पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटन-युरोपात मात्र ऑस्टिओपॅथ हा वेगळा व्यवसाय आहे. त्यामुळे आपल्यावर उपचार करणाऱ्याचं शिक्षण नेमकं काय झालंय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

टेबलावर घडतं काय? कधी उपचार करणारा तुमचा पाय धरून ठेवतो आणि म्हणतो, माझ्या हाताला विरोध करत ढकला. तुम्ही तीन-पाच सेकंद ढकलता, सैल सोडता, आणि तो पाय आधीपेक्षा थोडा पुढे नेतो. असं दोन-चार वेळा. कधी नुसतं हळूहळू ताणणं आणि दाबणं असतं. कधी मात्र सांध्याला झटकन एक छोटा धक्का देतात आणि ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसल्याची खूण नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणजे उपचार फुकट गेला, असंही नाही.

आता गुण. 2013 साली अमेरिकेत 455 जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. आठ आठवड्यांत सहा बैठका झाल्या. बाराव्या आठवड्यात, खरे उपचार मिळालेल्यांपैकी 63 टक्के लोकांचं दुखणं निदान 30 टक्क्यांनी उतरलं होतं. आणि ज्यांना उपचाराचा नुसता देखावा करून हात लावला होता, त्यांच्यात? 46 टक्के. म्हणजे बरं वाटण्यातला मोठा वाटा काळाचा, लक्ष मिळाल्याचा आणि स्पर्शाचा. तंत्राचा स्वतःचा लाभ शंभरात सतरा जणांना. हा आकडा मला लहान वाटत नाही, पण ‘ऑस्टिओपॅथीने बरा झालो’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाचं श्रेय तंत्राला देता येत नाही, हेही त्यातूनच दिसतं.

फ्रान्समध्ये 400 जणांवर झालेल्या चाचणीने (2021) हा उत्साह आणखी आवरला. दोन-दोन आठवड्यांनी सहा बैठका झाल्या आणि तीन महिन्यांनी पाहिलं, तर हालचालीतली अडचण मोजणाऱ्या शंभराच्या पट्टीवर खऱ्या आणि देखाव्याच्या उपचारांत जेमतेम तीन-साडेतीन गुणांचा फरक निघाला. रोजच्या जगण्यात जाणवेल इतका तो नाही, असंच संशोधकांचं मत पडलं. दुखण्यात तर फरक दिसलाच नाही.

गोळ्यांशी तुलना केली की चित्र बदलतं. 1999 च्या एका अमेरिकी चाचणीत ऑस्टिओपॅथी आणि नेहमीचे उपचार बारा आठवडे समोरासमोर ठेवले गेले. दुखणं दोन्हीकडे सारखंच उतरलं, पण ऑस्टिओपॅथीच्या गटाला वेदनाशामकं कमी लागली. माझ्या मते निवड करणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर जठरातून रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल तुलनेने सौम्य, पण ताज्या कंबरदुखीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस नाही, हे 2014 मध्ये सोळाशेहून जास्त रुग्णांवर दिसून आलं. वय जास्त असेल, पोटात व्रण होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंड नाजूक असेल, तर हातांचे उपचार जास्त सुरक्षित ठरतात.

व्यायामाचाही गुण मध्यमच, पण तो शिकलात की तुमचाच. कोणाची वेळ घ्यावी लागत नाही. अडचण एकच, दुखत असताना सुरू करणं जिवावर येतं. तिथे ऑस्टिओपॅथीच्या दोन-तीन बैठकांनी कंबर जरा मोकळी झाली तर पुढचं सोपं जातं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही हातांचे उपचार व्यायामासोबतच द्यावेत, एकटे नव्हेत, असं म्हटलंय.

दुष्परिणामांत सगळ्यात जास्त आढळतो तो अंग ठणकण्याचा. हातांच्या सर्व प्रकारच्या उपचारांचा 2010 मधला आढावा सांगतो की जवळपास निम्म्या लोकांना काही ना काही किरकोळ त्रास होतो: ठणका, थकवा, डोकेदुखी. बहुतेकांना तो 24 तासांत सुरू होतो आणि 72 तासांत ओसरतो. ऑस्टिओपॅथीपुरत्या 2018 च्या एका अभ्यासात हेच प्रमाण फक्त 2.5 टक्के भेटींत आढळलं, पण तिथे रुग्णांना उपचारानंतर लगेच विचारलं होतं, आणि ठणका बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका.

गंभीर धोका क्वचित, पण मानेच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. झटक्यानेच ती चिरते हे सिद्ध झालेलं नाही. आधीच चिरलेली असल्याने मान दुखते आणि म्हणून माणूस उपचाराला येतो, असंही घडतं. तरी सौम्य तंत्रं उपलब्ध असताना हा धोका कशाला पत्करायचा? मानेला झटका नको, असं स्पष्ट सांगा. हाडं ठिसूळ झाली असतील, कर्करोग हाडांत पसरला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कंबरेलाही झटका नको, आणि ही माहिती विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून द्या.

सुरू करणार असाल तर एक हालचाल ठरवा, उदाहरणार्थ वाकून मोजे घालणं किंवा अर्धा तास बसणं. चार ते सहा बैठकांत तीत फरक पडला नाही तर थांबा. ‘अजून दहा लागतील’ याला भुलू नका.

मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर या तिन्ही वाटा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.