८×४२ दुर्बीण, आठ महिन्यांनंतर: काचेला पाच तारे, आयकपला शून्य

काचेचं आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी आयकपबद्दलच, म्हणजे डोळा टेकवतो त्या फिरवून वर-खाली होणाऱ्या कड्याबद्दलच बोलणार आहे. काच उत्तम. ८×४२ म्हणजे सगळं आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटर व्यासाची. साडेचौदा हजार मोजले तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. ऑक्टोबरात घेतली, पुण्याजवळच्या कवडीपाट आणि भिगवणला पक्षी बघायला चार-पाच रविवार वापरली आणि भेटेल त्याला 'डोळे झाकून घ्या' म्हणत सुटलो. ते शब्द आज परत घेतोय.

जानेवारीत गाडी घेऊन सौराष्ट्रात गेलो. सुरतेला मुक्काम, मग हजीऱ्याहून गाडीसकट बोटीत बसून थेट घोघा. खंबातच्या आखाताला रस्त्याने वळसा घातला तर ३७० किलोमीटर, पाण्यातून ९०. तिकिटाचा आकडा बघून पोटात गोळा आला, पण डिझेल-टोलचा हिशोब मांडल्यावर गप्प बसलो. डेकवर कुरव बघताना उजवा आयकप पहिल्यांदा बसला. फिरवून वर काढला की खट्ट वाजायचा, डोळा टेकवला की हळूच परत आत.

चष्मा नसलेल्यांना आयकप वर लागतो, चष्मेवाल्यांना खाली. मला चष्मा नाही, बायकोला आहे. दुर्बीण एकच (का ते वर आलंय). एका बाजूचा आयकप खाली गेला की डोळा काचेच्या फार जवळ जातो आणि चित्राच्या कडेने काळ्या सावल्या नाचायला लागतात.

भावनगरजवळच्या वेळावदर अभयारण्यात संध्याकाळी भोवत्ये (हॅरियर) मुक्कामाला उतरतात. मध्य आशियाकडून आलेले हे शिकारी पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात. उजेड जवळजवळ संपलेला. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटरचा झोत डोळ्यात येतो. शेजारच्या काकांच्या १०×४२ मध्ये तो ४.२. त्यांना नुसते काळे ठिपके, मला फिकट राखाडी नराच्या पंखांची काळी टोकं दिसत होती. तीही फक्त डाव्या डोळ्याने! उजवा आयकप अंगठ्याने उचलून धरला की दुर्बीण हलायची.

जामनगरला पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने जुन्या सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद रिंग कापली आणि ताणून आयकपच्या खालच्या फटीत बसवली. दहा रुपये. जामनगर पितळी सुट्या भागांचं गाव, त्यामुळे 'पितळेची करून देऊ का, माझा भाऊ लेथवर असतो' असंही विचारलं. नको म्हणालो. आता हळहळ वाटते.

दुसऱ्या दिवशी जवळचंच खिजडिया पक्षी अभयारण्य. १९२० मध्ये नवानगरच्या राजाने शेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला बांध, एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडे खारं. इकडे बदकं, मान वळवली की तिकडे रोहित (फ्लेमिंगो). रिंग टिकली. बायकोची पाळी आली की रिंग काढून दोन बोटांत अडकवायची, परत आपली पाळी आली की चढवायची.

आणि नरारा, जामनगरकडचाच समुद्रकिनारा. ओहोटीची वेळ साधून चिखलात चालत गेलो. क्रॅब प्लोव्हर दिसला, काळा-पांढरा, जाड काळ्या चोचीचा. त्याने खेकडा उचलला, आपटला, एकेक पाय झटकून टाकला आणि उरलेला गिळला. गळ्यातून खाली सरकणारा फुगवटासुद्धा दिसला. हा पक्षी वाळूत बीळ खणून अंडं घालतो म्हणे, पण ते अरबस्तानाकडच्या किनाऱ्यांवर, आपल्याकडे हिवाळ्यापुरता. त्या दहा मिनिटांत साडेचौदा हजार वसूल झाले, हे मान्य करतो.

पुण्यात परतल्यावर सर्व्हिस सेंटरचं नाटक. 'वाळू गेलीये, वॉरंटीत बसत नाही.' कोरड्या रुमालाने पुसली ही माझी चूक. गोड्या पाण्याने धुवायला हवी होती. पण आयकप तर वाळू लागायच्या आधी, बोटीवरच गेला होता! 'आयकप सुटा मिळत नाही, अख्खी आयपीस (डोळ्याकडच्या भिंगांचा भाग) बदलावी लागेल, अडतीसशे.' अडतीसशे! मी दुर्बीण पिशवीत घातली आणि जिना उतरलो.

ट्यूबची रिंग उन्हात चिकट होते, म्हणून दर महिन्याला नवी कापतो. मागच्या रविवारी बायकोने भिगवणहून येताना स्वतःसाठी वेगळी दुर्बीण घ्यायचा विषय काढला. मी रेडिओ लावला.