पापणीत बसवायचं सोन्याचं वजन: काय जमतं, कुठे अडतं

चेहरा लुळा पडला की सगळ्यांची नजर वाकड्या ओठाकडे जाते. पण आधी धोक्यात येतो तो डोळा. पापणी मिटणारा ऑर्बिक्युलॅरिस स्नायू चेहरा हलवणाऱ्या सातव्या मज्जातंतूच्या टेम्पोरल आणि झायगोमॅटिक शाखांवर चालतो, तर पापणी उचलणारा लेव्हेटर तिसऱ्या मज्जातंतूवर. मिटणारा गेला आणि उचलणारा शाबूत राहिला, की डोळा उघडाच राहतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कोरडा पडतो, मग त्यावर व्रण होतो. वरच्या पापणीत वजन शिवणं हा त्यावरचा सगळ्यात सरळ उपाय. सोन्याचं वजन 1958 पासून वापरात आहे आणि आजही टिकून आहे.

वस्तू अगदी साधी: पापणीच्या गोलाईप्रमाणे किंचित वाकवलेली, शुद्ध सोन्याची साधारण 1 मिलिमीटर जाडीची पट्टी, टाका घालायला तिला भोकं. वजनं बहुधा 0.6 ते 1.8 ग्रॅमपर्यंत, 0.2 च्या टप्प्याने मिळतात. लेव्हेटर सैल सोडला की गुरुत्वाकर्षणाने पापणी खाली येते. बस, एवढंच तिचं काम. त्यामुळे पापणी मिटते ती सावकाश. डोळ्यात काही जायच्या आत झटक्यात लवणारी पापणी या वजनाने परत येत नाही, आणि तसं आश्वासन कोणी देऊ नये.

खरी मेख वजन निवडण्यात आहे. चाचणीची वजनं दुहेरी चिकटपट्टीने पापणीच्या कातडीवर, पापणीच्या केसांच्या जरा वर लावतात. रुग्ण ताठ बसलेला हवा. आडवा झोपवून केलेली चाचणी फसते, कारण वजन वेगळ्याच दिशेला ओढतं. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवून पाहायचं: हलकेच डोळा मिटल्यावर कॉर्निया पूर्ण झाकला जातो का, आणि समोर बघताना पापणी निरोगी बाजूपेक्षा 1 मिलिमीटरहून जास्त उतरत नाही ना. दोन्ही साधणारं सगळ्यात हलकं वजन घ्यायचं. बहुतेकांना 1 ते 1.2 ग्रॅमच्या आसपासचं पुरतं. घाईत जड वजन घातलं तर पापणी दिवसभर लोंबते आणि वाचताना त्रास होतो.

शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन होते. पापणीच्या घडीत छेद, स्नायूखालून टार्ससपर्यंत (पापणीतल्या कडक पट्टीपर्यंत) कप्पा, आणि वजन डोळ्याच्या मध्यापेक्षा जरा नाकाकडे. बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकलं तर आतली बाजू उघडी राहते. भोकांतून टाके थेट टार्ससला घ्यायचे, पण अर्ध्या जाडीपर्यंतच. पापणी उलटून सुई आरपार गेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आरपार गेलेला टाका कॉर्नियाला घासत राहतो. वरून स्नायूचा थर नीट शिवला नाही, तर पुढे वजन कातडीतून बाहेर डोकावतं. सोन्याच्या वजनाची सगळ्यात त्रासदायक गुंतागुंत हीच. याशिवाय ते सरकू शकतं, पातळ कातडीखाली फुगवटा दिसतो, आणि कॉर्नियावर दाब पडून दृष्टीत थोडा दोष येऊ शकतो.

इथे प्लॅटिनमची साखळी सरस वाटते. लहान लहान तुकड्यांची, पापणीबरोबर वळणारी. प्लॅटिनमची घनता घन सेंटिमीटरला 21.45 ग्रॅम, सोन्याची 19.3, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा कमी लागते. कातडी पातळ असेल किंवा सोन्याची ॲलर्जी असेल, तर आमचा कौल साखळीलाच. सोनं काय, प्लॅटिनम काय, दोन्ही लोहचुंबकीय नाहीत. एमआरआयसाठी आधी काढून टाकायची गरज नसते, तंत्रज्ञाला कळवलं की पुरे.

दोन गोष्टी हे वजन करत नाही. सैल होऊन बाहेर लोंबलेली खालची पापणी ते उचलत नाही. तिथे बाहेरच्या कोपऱ्याशी ती ताणून हाडाच्या आवरणाला बांधावी लागते, आणि बहुतेकदा दोन्ही कामं एकाच बैठकीत करणं शहाणपणाचं. दुसरं म्हणजे, झोपल्यावर वजनाचा उपयोग कमी होतो. उशी उंच ठेवावी आणि रात्री डोळ्यात मलम घालावंच. हसणं परत आणायला चावण्याच्या स्नायूची नस जोडणं किंवा मांडीचा ग्रॅसिलिस स्नायू आणून बसवणं, हे वेगळे मार्ग आहेत.

कानाच्या मज्जातंतूवरची गाठ काढल्यानंतर चेहऱ्याची संवेदना वाहणारा पाचवा मज्जातंतूही दुखावला असेल, तर डोळ्याला वेदना कळतच नाही आणि व्रण गुपचूप वाढतो. अशा वेळी नस भरून येण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने काढू नयेत, वजन बसवून टाकावं. पुढे नस परतली, तर त्याच घडीतल्या छेदातून वजन काढता येतं.