नाशकात गिअरची सायकल: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा काढल्यावर (आणि ट्यूबच्या व्हॉलबद्दल बरंच काही)

गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरने मागच्या चाकाच्या ट्यूबचे ४५० रुपये लावले, म्हणून हे लिहायला बसले. एरवी या सायकलीबद्दल बरंच लिहिलं असतं. २१ गिअर, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, वायरवरचे डिस्क ब्रेक, ७०० बाय ३५ चे टायर हे सगळं दुकानातल्या पाटीवर असतंच, ते परत सांगत नाही. कंपनीचं नावही घेत नाही. सतरा-अठरा हजारांत मिळणाऱ्या बहुतेक हायब्रिड सायकली, म्हणजे रेसच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधल्या, अशाच असतात.

घर इंदिरानगर, ऑफिस कॅनडा कॉर्नरजवळ. एका बाजूचं अंतर सहा किलोमीटरच्या आतबाहेर. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको: इंदिरानगरचा अंडरपास. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे रिक्षा, स्कूलबस आणि चारचाकी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभ्या असतात. स्कूटीवर होते तेव्हा मीही त्यातच उभी असायचे. सायकल मात्र कडेने निघते, अगदीच कोंडी झाली तर उतरून ढकलता येते. पुढे गोविंदनगर, चांडक सर्कल, तिडके कॉलनी, गोल्फ क्लबचं मैदान आणि पोचलेच. स्कूटीला जेवढा वेळ लागायचा त्याहून पाच-सात मिनिटं जास्त, कोंडीच्या दिवशी उलट कमी. हे मला खरंच वाटलं नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर घाई करू नका. पेट्रोल लिटरला शंभरीच्या वर, माझी स्कूटी पंचेचाळीसच्या आसपास देते, म्हणजे ऑफिसच्या फेऱ्यांचे महिन्याला सहा-सातशे वाचतात. सायकलीची किंमत वसूल व्हायला दोन वर्षं पुरणार नाहीत, आणि त्यात हेल्मेट, कुलूप, दिवा, मडगार्ड धरलेले नाहीत. ‘पेट्रोल वाचवायला सायकल घेतली’ असं कोणी सांगितलं की आमचे हे हसतात, त्याला कारण आहे.

गिअरबद्दल माझं मत पहिल्या दोन महिन्यांत फार वाईट होतं. पुढचे तीन, मागचे सात, यातले निम्मे नाशिकसारख्या सपाट शहरात कशाला, असं मी सगळ्यांना सांगत होते. मग पंचवटीला माहेरी सायकलने जायला लागले. रविवार कारंजावरून अहिल्यादेवी होळकर पुलाकडे उतरताना मजा वाटते, पण पूल ओलांडला की मालेगाव स्टँडचा चढ समोर. पाठीवर आईने दिलेल्या डब्याची पिशवी असली की परत येताना रविवार कारंजाची बाजूही चढच. तिथे पेडलपाशी असलेल्या तीन दातेरी चाकांतलं सगळ्यात छोटं लावल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा शब्द मागे घेते. एवढंच की चढ सुरू व्हायच्या आधी गिअर बदला. पायाखाली जोर असताना बदललात तर चेन कटकट करते आणि एखाद्या दिवशी उतरते. आणि चेनवर काळं तेल असतं, त्यावर कुठला साबण चालत नाही.

चेनकव्हर नाही, हे बाईमाणसाने घेताना आधी बघावं. दुकानातला मुलगा म्हणाला, “मॅडम, ही स्पोर्ट्स सायकल आहे.” मी म्हटलं, मला स्पर्धेला नाही, ऑफिसला जायचंय. सलवारीला उजव्या पायाशी रबरबँड लावते, ओढणी बॅगेत.

स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. घंटी होती, ती पावसात गंजली. मडगार्डशिवाय नाशिकचा जुलै काढून बघा, ऑफिसात पाठमोऱ्या वळाल तेव्हा कॉलरपासून कमरेपर्यंत चिखलाची सरळ रेघ दिसेल. प्लास्टिकचे मडगार्ड नंतर चारशे रुपयांना लावले. डिस्क ब्रेक मात्र उपयोगी. कोरडे असताना छान, ओले झाले की पहिल्या दाबाला किंचाळतात. आधी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण त्या आवाजाने घंटीपेक्षा लोक लवकर बाजूला होतात. वायर ताणून सैल झाली की लिव्हर ढिला पडतो, कॅलिपरवरची (चाकाजवळ डिस्क पकडणारा भाग) कळ अर्धा फेरा फिरवली की झालं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला पैसे देऊ नका.

आता व्हॉल, म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड.

त्याचे तीन प्रकार. आपल्या वडलांच्या काळ्या सायकलीला असायचा तो वालट्यूबवाला, आत रबराची बारीक नळी, ती सुकली की हवा गेली. दुसरा स्कूटर-मोटारीचा, जाड, आत स्प्रिंग आणि पिन. पेट्रोल पंपावरची हवेची नळी याच्याच मापाची. तिसरा प्रेस्टा, पेन्सिलीहूनही बारीक, टोकाला इवलीशी चकती. ती आधी सैल करायची, टोक जरा दाबून ‘फस्स’ ऐकायचं, मग हवा, मग चकती परत आवळायची. रेसच्या सायकलीला त्याचा अर्थ आहे: रिम अरुंद असते, भोक लहान ठेवलेलं बरं. माझ्या ३५ मिलिमीटरच्या टायरला, जाड रिमेला, डबा घेऊन जाणाऱ्या सायकलीला हा कोणी बसवला आणि का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

टायरवर हवेचा दाब ५० ते ७५ पीएसआय लिहिलाय. ट्यूब कुठलीही असो, हवा हळूहळू झिरपतेच, आणि बारीक टायरमध्ये हवा मुळात थोडी, म्हणून आठवड्याला एकदा भरावीच लागते. पंपावर हवा फुकट आहे. माझ्या वाटेवर आहे. पण नळी बसत नाही! पंपावरचा मुलगा वाकून बघतो आणि म्हणतो, “ताई, याचा वॉल तुटलाय.” तुटलेला नाही हो, असाच आहे. पंक्चरवाल्याकडे गेलं तर तो आपली वालट्यूबची पिन लावून बघतो, मग जाड नळी, मग माझ्याकडे बघतो.

उपाय म्हणून पन्नास रुपयांची एक पितळी टोपी मिळते. ती प्रेस्टावर फिरवून बसवली की मोटारीची नळी चालते. चालते म्हणजे कशी, नळी काढताना टोपीही बरोबर निघून येते, रस्त्यावर पडते, गटाराकडे जाते. हरवली की नवी. ‘घरीच उभा पंप का घेत नाही’ हे मला सगळ्यांनी विचारून झालंय. बाराशे रुपये आहेत म्हणून. फुकटच्या हवेसाठी बाराशे रुपये घालणार नाही.

तर मागच्या आठवड्यात फ्री सर्व्हिसला सायकल दिली. संध्याकाळी आणायला गेले तर मागच्या चाकात हवा नाही आणि बिलात नवी ट्यूब. सकाळी देताना चाकात पूर्ण हवा होती, मीच भरली होती. विचारलं तर काउंटरवरचे म्हणाले, “हवा भरताना व्हॉलची पिन तुटली, मॅडम. नाजूक असते.” म्हटलं, कोणाच्या हातून? “आमच्याच मुलाच्या, पण ट्यूब कन्झ्युमेबलमध्ये येते, वॉरंटीत नाही.” मी तिथे बराच वेळ उभी राहिले. ४५० चे ३०० झाले, सही करताना आणखी पन्नास कमी. अडीचशे रुपये मी माझ्या हातून न तुटलेल्या ट्यूबसाठी दिले, आणि नवी ट्यूबही तीच, बारीक तोंडाची. तुमच्याच माणसाला जो व्हॉल जमत नाही तो गिऱ्हाइकाला जमेल असं कसं धरून चालता?

परत येताना आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे थांबले. ते म्हणाले, “ताई, भोक मोठं करून देतो, मोटारचा वॉल बसवा.” मला आधी पटलं नाही, रिमेला भोक पाडायचं म्हणजे काय. घरी येऊन माप बघितलं: बारीक व्हॉलचं भोक साडेसहा मिलिमीटर, जाडाचं साडेआठ. दोन मिलिमीटरचा प्रश्न. अरुंद रेसिंग रिमेला हे करू नये, माझी रिम रुंद आणि दुहेरी भिंतीची. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर “रिमेला हात लावलात तर वॉरंटी जाईल.” ती वॉरंटी येत्या महिन्यात तशीही संपतेय.

शनिवारी मामांनी केलं. टायर उतरवला, रिमटेप (रिमेच्या आतली पट्टी) काढली, आठचं ड्रिल घातलं, मग गोल कानशीने कडा घासत बसले. भोकाची कड बोटाने चाचपून परत घासायचे, का तर खरखर राहिली तर ट्यूब तिथेच कापते. टेप परत बसवली, तिला नव्या मापाचं भोक कात्रीने दिलं. जाड व्हॉलची ट्यूब आणि मजुरी धरून तीनशे. सोमवारी पंपावर गेले. मुलाने नळी लावली, हवा गेली, नळी काढली. एवढंच.

बाकी एक तक्रार सायकलीची नाही, शहराचीही पूर्ण नाही. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड, त्याच्या कडेला सायकल ट्रॅक आहे. त्यावर दुचाक्या उभ्या असतात आणि सायकलवाले रस्त्यावर. सायकलीचं वेड या शहराला कमी नाही. २०१५ साली इथल्याच महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (रॅम) ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, पंढरपूरला सायकल वारी जाते, रविवारी गंगापूर रोडला घट्ट कपड्यांतली मंडळी मिसळीच्या टेबलाशी हेल्मेटं मांडून बसलेली असतात. पण सोमवारी तीच मंडळी गाडीत असतात. दुकानदार रविवारच्या गिऱ्हाइकाकडे बघून माल ठेवतो, म्हणून सोमवारच्या गिऱ्हाइकाला स्टँडही वेगळा विकत घ्यावा लागतो.

घेणाऱ्यांना एवढंच: दुकानात गिअरांची संख्या विचारू नका, चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून व्हॉल बघा. बारीक असला तर जाड बसवून द्या म्हणा, देत नसतील तर शंभर-दोनशे कमी करायला सांगा. माझं पुढचं चाक अजून बारीकच आहे. ती ट्यूब गेली की मामांकडेच जाणार, तोवर त्या पितळी टोपीला दोरा बांधून ठेवलाय.