जंप स्टार्टर घ्यावा की जंपर केबल? आधी गाडी कुठे उभी राहते ते बघा

पहाटे साडेचारची वेळ. आई-बाबांना पुणे स्टेशनवर सोडायचं होतं आणि बेसमेंटमधली गाडी नुसतीच ‘टक टक टक टक’ करून थांबली. डिकीचं झाकण नीट लागलं नव्हतं, त्यामुळे आतला दिवा दोन दिवस जळत राहिला आणि बॅटरी उतरली होती. जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून आपल्या बॅटरीला वीज देणारी तारांची जोडी, माझ्याकडे होती. शेजारचे काका झोपेतून उठून स्वतःच्या गाडीची किल्ली घेऊन खाली आले. पण माझ्या गाडीचं तोंड भिंतीकडे, दोन्ही बाजूंना खांब, आणि अडीच मीटरची केबल त्यांच्या बॅटरीपासून माझ्या बॅटरीपर्यंत काही केल्या पोहोचेना. शेवटी आई-बाबा रिक्षाने गेले. दोन्ही जड बॅगा बाबांनी स्वतः उचलून रिक्षात ठेवल्या, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यामुळे परवा मामेबहिणीने विचारलं, ‘ताई, तो जंप स्टार्टर घेऊ की साधी केबल पुरेल?’ (जंप स्टार्टर म्हणजे दुसऱ्या गाडीशिवाय आपली गाडी चालू करणारा बॅटरीचा डबा.) तेव्हा मी तिला उलट विचारलं, ‘तू गाडी लावतेस कुठे, आणि चालवताना बरोबर कोण असतं?’ माझ्या मते निवड या दोन उत्तरांवरच करावी. खोक्यावर किती अँपिअर छापलेत ते नंतर बघावं.

पैसे काढण्याआधी

स्टार्टर मारल्यावर भराभर टकटक होते आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते. एकदाच ‘टक’ होऊन दिवे लख्ख राहिले तर दोष बहुधा स्टार्टर मोटरमध्ये असतो, आणि तिथे केबल किंवा जंप स्टार्टर कामाला येत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जिथे जोडतात तिथे, पांढरा-हिरवट थर साचला असेल तर आधी तो साफ करा आणि क्लॅम्प घट्ट करा. अनेकदा गाडी तेवढ्यावरच चालू होते.

व्होल्ट मोजणारा साधा मल्टीमीटर घरात असावाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी भरलेली १२.२, आणि १२ च्या खाली गेली की ती उतरली असं समजा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर दाखवून घ्या. बॅटरीला चार वर्षं झाली असतील आणि ती महिन्यात दोनदा उतरली असेल, तर जंप स्टार्टरचे पैसे सरळ नव्या बॅटरीत घाला. जुनी दिली की दुकानदार किंमत कमीही करतो.

धक्का

फुकटचा आणि जुना उपाय. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. पण हे फक्त मॅन्युअल गाडीत जमतं. शिवाय आताच्या गाडीत इंधनपंप आणि कॉम्प्युटरला थोडी तरी वीज लागते. बॅटरी पार उतरली असेल तर कितीही ढकला, ती चालू होत नाही. ऑटोमॅटिक गाडीला हा मार्गच नाही. आणि बेसमेंटच्या चढावर गाडी ढकलणार कोण?

केबल: स्वस्त, पण दुसरी गाडी हवी

केबलचा मोठा गुण म्हणजे तिच्यात खराब होण्यासारखं काही नसतं. दहा वर्षं डिकीत पडून राहिली तरी चालते. तिला चार्जिंग लागत नाही, उन्हाचं भय नाही. चांगली केबल साधारण हजार-दीड हजारात येते.

चारपाचशेची केबल मात्र मी घेणार नाही, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरताना १५० अँपिअरच्या घरात प्रवाह ओढू शकतो. तीन मीटरच्या केबलमध्ये तो जाऊन-येऊन सहा मीटर तारेतून फिरतो. आत १६ चौरस मिलिमीटर तांबं असेल तर वाटेत साधारण १ व्होल्ट गळतो. आत ६ चौरस मिलिमीटरची तार असेल, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, तर ४ व्होल्टच्या आसपास जातात. मदतीच्या गाडीने १४ व्होल्ट दिले तरी तुमच्या स्टार्टरला दहाच मिळणार. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच जाड दिसतात, कारण स्वस्त केबलची जाडी सगळी प्लास्टिकची असते. म्हणून वेष्टनावरचा ‘१००० अँपिअर’ वाचू नका, आतल्या तारेचा चौरस मिलिमीटरमधला आकडा विचारा. पातळ केबलच हाती असेल, तर ती जोडून दुसरी गाडी दहा मिनिटं चालू ठेवा. तुमच्या बॅटरीत थोडा जीव आला की मग स्टार्टर मारा.

जोडण्याचा क्रम: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या कोऱ्या, रंग नसलेल्या धातूला. ते बॅटरीवर लावत नाहीत, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. काढताना हाच क्रम उलटा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर दोन्ही गाड्यांचे फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड, प्रसंगी कॉम्प्युटरही जळू शकतो. त्यामुळेच हल्ली कित्येक जण स्वतःची गाडी द्यायला कचरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या लेखांत फारशी येत नाही. केबल घेऊन तुम्हाला कुणाला तरी थांबवावं लागतं. दिवसा, सोसायटीत, हे सोपं आहे. रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावर एकटी बाई बॉनेट उघडून अनोळखी गाडीला हात करते, तेव्हा ते सोपं नसतं.

जंप स्टार्टर: पैसे कशाचे मोजायचे

हा साधारण पॉवर बँकेएवढा लिथियम बॅटरीचा डबा, त्याला आखूड तारांचे दोन चिमटे. बऱ्यापैकी वस्तू चार ते आठ हजारांत मिळते. दुसरी गाडी लागत नाही, गाडीचं तोंड भिंतीकडे असलं तरी अडत नाही, फक्त बॉनेट उघडता आलं पाहिजे. चांगल्या डब्याच्या चिमट्यात एक छोटी पेटी असते. उलटं जोडलं तर ती प्रवाह सोडतच नाही, नुसती बीप करते. घाबरलेल्या माणसासाठी हे मोठं संरक्षण आहे, आणि माझ्या लेखी किमतीतला मोठा भाग याचाच आहे.

आता आकड्यांकडे. ‘१२,००० एमएएच’ हा आकडा ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे सुमारे ४४ वॉट-तास. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४२० वॉट-तास असतात. तरी हा इवलासा डबा पुरतो, कारण एकदा गाडी चालू करायला फार तर एक-दोन वॉट-तास लागतात. त्यामुळे जास्त एमएएचसाठी जास्त पैसे देऊ नका. प्रश्न त्या तीन सेकंदांत प्रवाह किती सुटतो याचा आहे. तिथेही ‘पीक’ अँपिअर म्हणजे क्षणभराचा आकडा असतो. प्रत्यक्ष स्टार्टिंगचा आकडा वेगळा लिहिलेला असतो आणि तो पुष्कळ कमी असतो. तो छापलेलाच नसेल तर वस्तू खाली ठेवा. डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो, तेव्हा माहितीपुस्तिकेत किती लिटरच्या डिझेल इंजिनपर्यंत चालेल ते स्वतंत्रपणे बघा.

बॅटरी पार तळाला, दोन-तीन व्होल्टच्या खाली गेली असेल तर त्या पेटीला समोर बॅटरी आहे हेच कळत नाही. त्यासाठी ‘बूस्ट’ बटण असतं. ते दाबलं की उलट जोडणीचं संरक्षणही बहुधा बंद होतं, म्हणून दाबण्याआधी प्लस-मायनस पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासा. स्टार्टर पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, आणि गाडी चालू झाली की चिमटे लगेच काढा. बॅटरी फुगलेली किंवा चिरलेली असेल तर तिला हात लावू नका.

याचा खरा दोष म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये नागपूर-जळगावकडे काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी आतून ६० अंशांपर्यंत तापू शकते, आणि लिथियम बॅटरी तिथे ठेवणं मला पटत नाही. मग तो ठेवायचा कुठे? मी घरात, कपाटात ठेवते, आणि लांबच्या प्रवासाला पर्ससारखा बरोबर घेते. बॅटरी बहुतेक वेळा गाडी घरी उभी राहूनच उतरते, त्यामुळे हे जमून जातं. डिकीत तर ठेवूच नये. कित्येक गाड्यांची डिकी विजेवर उघडते, आणि बॅटरी गेली की डबा आत नि आपण बाहेर. रिमोटच्या किल्लीत लपलेली साधी किल्ली कशी काढायची तेही आजच एकदा करून बघा.

सुपरकपॅसिटरवाले जंप स्टार्टरही मिळतात. त्यांत लिथियम नसतं, ऊन सोसतात, तुमच्याच बॅटरीतली उरलीसुरली वीज गोळा करून एक झटका देतात. कल्पना मला आवडते, पण किंमत चढी आहे, आणि बॅटरीत काहीच उरलं नसेल तर ते दुसरीकडून भरावे लागतात. घरच्या एका गाडीसाठी मी इतका खर्च करणार नाही.

फोन करून मदत

विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं असेल तर त्यात बहुधा जंप स्टार्टही येतो. पॉलिसीत वर्षातून किती वेळा ते बघून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर आहे. पुणे-मुंबईत हे चांगलं चालतं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जिथे फोनला रेंजच नाही, तिथे हा पर्याय धरू नका.

मग कोणी काय घ्यावं

वाडा, बंगला, गावाकडचं अंगण, जिथे शेजारी दोन गाड्या आणि एक ट्रॅक्टर उभा असतो, तिथे १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या. डिझेल असेल तर २५ ची. (ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहे ना ते बघून घ्या. ट्रकच्या २४ व्होल्टला कार कधीही जोडू नका.) बेसमेंट पार्किंग, ऑटोमॅटिक गाडी, एकट्याने किंवा एकटीने प्रवास, घरात म्हातारी माणसं, यांतलं एक जरी लागू असेल तर जंप स्टार्टर. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर दोन्हींच्या आधी भिंतीच्या प्लगवर चालणारा छोटा बॅटरी चार्जर बघा, पार्किंगमध्ये प्लग असेल तर. इलेक्ट्रिक गाडीतही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की गाडी उठत नाही, पण जोडायची जागा गाडीच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा.

आणि कशानेही चालू झाली तरी पंधरा मिनिटं फिरवून बॅटरी भरत नाही. सिग्नलच्या गर्दीत तर नाहीच. पूर्ण उतरलेलीला तासन्‌तास लागतात, म्हणून त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

मामेबहीण चिपळूणला राहते, गाडी अंगणात, पण दर पंधरवड्याला एकटी पुण्याला येते. तिने जंप स्टार्टर घेतला. न वापरलेला डबाही हळूहळू उतरतो, त्याला तीनेक महिन्यांनी चार्ज करावं लागतं. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून मी तिला माझेच चार दिवस दिले: पाडवा, आषाढी, दसरा, संक्रांत. दसऱ्याला तर गाडी धुऊन हार घालायला आपण खाली जातोच. त्याच वेळी बॉनेट उघडून टर्मिनलही बघून यायचं.