नॉइजचे तारे की खरं आकाश?

रात्रीच्या फोटोत तारे घालायचे दोन मार्ग. एक म्हणजे फोटोशॉपमध्ये फोटोवर काळा लेयर घेऊन त्यावर ‘ॲड नॉइज’ (विखुरलेले ठिपके) मारायचं, किंचित ब्लर, मग लेव्हल्स ओढून बारीक ठिपके घालवायचे आणि ब्लेंड मोड ‘स्क्रीन’, म्हणजे काळं गायब, उजळ तेवढं दिसतं. पाच मिनिटांत आकाश भरतं. पण रवा सांडल्यासारखं! सगळे तारे पांढरे, मृग नक्षत्राचा पत्ताच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ट्रायपॉडवर 24 मिमी लेन्स, 20 सेकंदांचं एक्स्पोजर, आणि तो खरा फोटो त्याच ‘स्क्रीन’ मोडवर चढवायचा. मृगातले तारेही ओळखू येतात: काक्षी तांबूस, राजन्य निळसर दिसतो. मास्किंगला, म्हणजे आकाश सोडून बाकी भागावरचे तारे झाकायला, मात्र जीव जातो. माझ्या एका फोटोत आंब्याच्या फांदीवर तारा राहिलाय, अजून.

लग्नपत्रिकेला नॉइज पुरे. गडावरच्या फोटोला मी हा दुसरा मार्गच निवडेन. आणि हो, पौर्णिमेच्या चंद्राशेजारी आकाशगंगा चिकटवू नका.